सलू चढाईला येते

"वांग्याच्या भाजीत कूट घातला की मला ढेकरा येतात, हे या घरात आणखी कितीदा सांगायचं?"

आई हे मला सांगत नाही, भिंतीला सांगते. ती खाटेवर, मी खाली चटईवर, मध्ये हातभर अंतर. पण गेली तीस वर्षं आमचं बरंचसं बोलणं भिंतीमार्फतच चालतं. मी डोळे मिटून पडलेय. रविवारची दुपार, अडीच वाजलेत. सकाळची उपासना झाली. पाच वाजता तरुण संघाचा मेळावा आहे आणि त्यात माझी साक्ष. 'भगिनी लिडिया, माजी कर्णधार, राज्य विजेता कबड्डी संघ' असं फळ्यावर लिहूनही झालंय. पाळकसाहेब म्हणाले, यंदा ढालही आणा, वेदीपाशी ठेवू, खेळणाऱ्या मुलींना हुरूप येईल.

साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. माझी पाठ झालीये. धाकटी बहीण सलोमी फायनल गाजवते, आम्ही ढाल जिंकतो, अकरा महिन्यांनी प्रभू तिला बोलावून घेतो, माझा गर्व गळून पडतो, मी गुडघे टेकते. कुठे थांबलं की 'आमेन' येतं तेही मला ठाऊक आहे. आज मात्र 'बोलावून घेतो'पाशी जीभ अडतेय. पडल्या पडल्या तीनदा म्हणून पाहिलं, तीनदा अडली.

आईचं अजून कुटावरच चाललंय. कूट, कूट, कूट. मग त्यात दुसरा आवाज मिसळतो.

"कबड्डी-कबड्डी-कबड्डी-कबड्डी..."

बारीक, सपाट, कुठेही न तुटणारा. हा दम साऱ्या जिल्ह्यात एकीचाच होता.

मी उठते. चटईच्या कडेने फक्कीची पांढरी रेषा गेलीये, आईच्या खाटेखालून, उंबऱ्यावरून, पार पलीकडे. जालन्याच्या मिशन कंपाउंडातलं आमचं मैदान आहे हे. आणि मधल्या रेषेवर सलू उभी आहे, एकवीस वर्षांची, सात नंबरच्या बनियनमध्ये, मांडीवर थाप मारून. मी मात्र बावन्नचीच आहे. गुडघ्याला पट्टा बांधलेला.

सामन्यात आम्ही दोघी एकाच बाजूला असायचो. आमच्या प्रशिक्षक सरांच्या सरावात मात्र ती माझ्या अंगावर चढाई करायची आणि मी तिला पकडायची. तिने एका श्वासात 'कबड्डी' म्हणत यायचं, आम्हाला शिवायचं आणि श्वास तुटायच्या आत परत रेषा गाठायची. मी तिचा घोटा धरला की श्वास तुटेपर्यंत सोडायची नाही. थोरल्या बहिणीला एवढा अधिकार असतो असं मला वाटायचं.

"ताई, जाड झालीस गं," सलू म्हणते. तोंड बोलतंय आणि खालून दमही चालूच आहे. मेलेल्यांना हे जमत असावं.

"तू नाही झालीस ते बघ आधी," मी म्हणते आणि लगेच जीभ चावते.

ती हसते. "मला कुठे सवड मिळाली?"

मी कोपऱ्यात पवित्रा घेते. पायाखाली माती नाही, फरशी आहे. देवळातली. दोन्ही बाजूंना बाकं आणि त्यांच्यामधून सलू पुढे सरकतेय, एक पाय पुढे, नजर माझ्या गुडघ्यावर.

"संध्याकाळी काय बोलणारेस?"

"नेहमीचंच."

"म्हणून दाखव."

"आत्ता?"

"घाबरतेस काय? दरवर्षी ऐकतेच मी. छान बसवलीयेस. साखळी बसवायचीस तशीच. कुठून शिरायला जागा नाही."

मी म्हणायला लागते. फायनल. ढाल. अकरा महिने. "मग प्रभूने माझ्या बहिणीला बोलावून..."

"बोलावलं?" सलू एक पाऊल आत येते. "आणि पाठवलं कुणी, तेही सांग ना."

बाकांवर कुणी नाही, तरी 'आमेन' येतं. चुकीच्या जागी.

दवाखान्याची पडवी आहे. औषधाचा वास, बाहेर बाकावर आई बसलीये, भिंतीकडे तोंड करून. आतल्या खोलीत डॉक्टर माझ्याशीच बोलताहेत, कारण वडील गेल्यापासून घरातली कर्ती मीच. सलूच्या हृदयाची झडप खराब आहे, म्हणताहेत. लहानपणच्या तापाने झालंय. धावणं नाही, दम धरणं तर नाहीच नाही. खेळ आजपासून बंद. मी मान हलवतेय. फायनलला नऊ दिवस राहिलेत.

त्याच्या आधीचे सहा महिने तिला धाप लागत होती. कबड्डीवाल्यांकडे धापेवर एकच औषध असतं, आणखी दम. म्हणून पहाटे पाचला उठवून मी तिला चिंचेभोवती पळवायची, एका श्वासात तीन फेऱ्या. ती खाली बसली की मी म्हणायची, नाटकं करू नकोस. तेवढ्यापुरती माझी चूक होती. अडाणीपणाची चूक. ती मला केव्हाच माफ झाली असती.

पुढचे नऊ दिवस अडाणीपणाचे नव्हते.

"सरांना काय सांगितलंस, ताई?" सलू पडवीत उभी आहे. आता तिच्या ओठांना निळसर छटा आहे.

"अशक्तपणा आहे म्हटलं. टॉनिक दिलंय."

"आणि मला?"

"तुलाही तेच."

"टॉनिक गोड होतं," ती म्हणते. तिच्या आवाजात राग नाही. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं.

"तुला खेळायचंच होतं, सलू! मी अडवलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. पण विचारायचं तरी होतंस."

दम चालूच आहे. पण आता मधून मधून घासतोय. सरावात दम असा घासताना ऐकू आला की मी पुढे सरकायची, आता ही माझ्या हातात आली म्हणून. आत्ताही माझा पाय आपोआप पुढे पडतो. मी तो मागे घेऊ बघते, जमत नाही.

आमचीच खोली, पण तीस वर्षांपूर्वीची. सलू खाटेवर तीन उशांना टेकून बसलीये, मांडीवर पवित्र शास्त्र. आम्ही जन्माचे ख्रिस्ती, पण दोघी देवळात जायचो ते नाताळला, नव्या फ्रॉकसाठी आणि नंतर सवयीने. फायनलनंतर ती खाटेला लागली आणि त्या अकरा महिन्यांत तीच आधी वाचायला लागली. मी बाजूला बसून ढाल पुसतेय.

"तुला एक कधी सांगितलं नाही," ती म्हणते. "ढाल आली त्या दिवशी मी इथूनच तुला बघत होते. किती जपून पुसत होतीस. वाटलं, एवढ्यासाठी? मला रडूही आलं नाही. नुसतं रिकामं रिकामं झालं. मग हे उघडलं."

"काय मिळालं?"

"ढालीला माझा दम पाहिजे होता. सरांना पाहिजे होता, तुला पाहिजे होता. प्रभूला माझ्याकडून काहीच नको होतं. बसून असेन तर बसलेली चालणार होते मी. आयुष्यात पहिल्यांदा, ताई. किती हलकं वाटलं तुला काय सांगू."

मला ते ठाऊक आहे. तिच्या तोंडावर तो हलकेपणा मी अकरा महिने बघितलाय. त्याचाच हेवा वाटून मी तिच्यामागे ते पुस्तक उचललं, दहावीनंतर पुस्तक न उघडलेली मी बोट ठेवून ठेवून वाचायला लागले. माझा विश्वास खोटा नाही. त्याच्याभोवतीची गोष्ट मात्र मी बसवलेली आहे.

"मला माफ कर, सलू."

"कशाबद्दल?"

"सगळ्याबद्दल."

"सगळ्याबद्दल म्हणजे कशाबद्दलच नाही. नीट सांग. काय केलंस?"

मी तोंड उघडते. आतून 'कबड्डी-कबड्डी' बाहेर पडतं, माझ्याच आवाजात. थांबतच नाही. माझी छाती जळायला लागते. सलू हे बघते आणि वळते. खाट नाही, देऊळ नाही, नुसतं मैदान, आणि मधल्या रेषेपलीकडे काहीच दिसत नाही, सगळीकडे फक्की सांडल्यासारखं पांढरं. ती तिकडे निघते.

तिला जाऊ द्यावं, हे मला कळतंय. पण अंगाला एकच गोष्ट येते. मी झेप घेते, दोन्ही हातांनी तिचा घोटा धरते, अंगठे आत, बोटं मागे, सरांनी शिकवल्यासारखी. रेषा तिच्या बोटांपासून वीतभर लांब.

"सोड, ताई. दम संपतोय."

"नाही."

"सांग, म्हणजे सुटेल."

"नाही सांगता येत गं!"

"ताई, सोड!"

घोटा हातात बारीक होत जातो. कातडी सैल, गार. हाड लागतं. मी आणखी आवळते.

"अगं ए, सोड! मोडशील की पाय!"

आईचा आवाज.

मी चटईवरून अर्धी उठून खाटेच्या कडेला आलेय आणि आईचा लटकता पाय दोन्ही हातांनी धरलाय. पक्की घोट्याची पकड. हात उघडायला मला वेळ लागतो, बोटं एकेक करून सोडवावी लागतात. तिच्या पांढुरक्या घोट्यावर माझी बोटं उमटलीत, एका बाजूला चार, एका बाजूला चार, लाल. अंगठ्यांचे ठसे आतल्या अंगाला. खरे. मी त्यांच्यावर हात फिरवते तर ते जात नाहीत.

आई उठून बसते. घोटा चोळत नाही. ठशांकडे बघत राहते. तीन वाजून गेलेत, रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत जातं.

"सलू आलेली?" ती विचारते. भिंतीला नाही, मला.

"हो."

"काय म्हणाली?"

"काय केलंस ते सांग म्हणाली."

माझी छाती अजून जळतेय, जणू मीच दम धरून बसलेय. मला कळतं की मी तो आत्ता सोडला नाही तर पाच वाजताही सुटायचा नाही.

"आई, डॉक्टरांनी खेळायचं नाही म्हणून सांगितलं होतं," मी म्हणते. "मला. फायनलच्या नऊ दिवस आधी. मी कुणाला बोलले नाही. तिलासुद्धा नाही. मी तिला तशीच खेळवली."

आई आपला पाय माझ्या हातावर ठेवते, ठशांवर माझी बोटं येतील असा.

"संध्याकाळी सांगणार असशील तर एकटीचं सांगू नकोस," ती म्हणते. "मी बाहेर बाकावरच होते, लिडिया. दार उघडं होतं, सगळं ऐकू आलं मला. मलापण ती ढाल पाहिजे होती."