बुटका सोफा

आई पडली तेव्हा मी पुण्याहून दोन महिन्यांसाठी रत्नागिरीला आलो. खुब्याचं ऑपरेशन झालं, ती वॉकर धरून चालायला लागली, आणि दोन महिन्यांची चार वर्षं झाली. कंपनीचं काम घरूनच चालायचं. बहीण नाशिकला, तिच्या घरात तिचे सासू-सासरे. मी परत कधी जाणार, हे कुणी विचारत नव्हतं. मीही नाही. फक्त पुण्यातली भाड्याची खोली मी सोडली नव्हती. माझी पुस्तकं, शेगडी, गादी सगळं तिथेच होतं. इथे माझे कपडेसुद्धा बॅगेतच असायचे. इस्त्री करून आणले की परत बॅगेत.

घरात बसायला चार प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. आई शाळेत शिकवायची, त्यामुळे अजून कोण कोण तिला भेटायला येतं. एकदा तिच्या बरोबरीच्या एक बाई आल्या आणि बसताक्षणी खुर्चीचे पाय फाकले. लागलं नाही, पण त्या गेल्यावर आई म्हणाली, "आता एक सोफा घे."

"दोन माणसांना सोफा कशाला?"

"येणाऱ्याला काय जमिनीवर बसवू? आणि तूही दिवसभर त्या खुर्चीत वाकून बसतोस."

"बघू," मी म्हणालो, आणि तीन-चार आठवडे तेवढंच म्हणत राहिलो. खरं कारण तिला सांगण्यासारखं नव्हतं. खुर्च्या कुणालाही देऊन निघता येतं. सोफा म्हणजे भिंत ठरवायची, कापड निवडायचं, पुढच्या वर्षीही आपण त्यावर बसणार हे धरून चालायचं. विचार नुसता मनात आला तरी मी उगाच गेटपर्यंत जाऊन यायचो.

शेवटी मिरजोळ्याच्या बाजूची दोन दुकानं पाहिली. मोठमोठे फुगीर सोफे, कोपऱ्यात वळणारे. मी प्रत्येकात खोट काढली. हा दारातून जाणार नाही, त्याच्या कापडाला पावसाळ्यात बुरशी धरेल. घरी येऊन आईला सांगितलं, एकही धड नाही. सांगताना मला हलकं वाटलं.

त्याच सुमारास खिडकीची झडप बसवायला सुतार आला. त्याने आईसमोरच सांगितलं, "एका बंगल्यातल्या काकू सगळं विकून मुलाकडे चालल्यात. त्यांच्याकडे जुना सोफा आहे, अस्सल सागवान. माझ्या बापाच्या वेळचं काम आहे ते. बघून तर या."

"उद्याच जाऊ," आई म्हणाली. "मी पण येते."

काकूंनीच दार उघडलं. आईपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठ्या असतील. हॉल जवळजवळ रिकामा झाला होता आणि मधोमध तो सोफा होता. बुटका, लांब, खाली निमुळते होत गेलेले चार पाय, वल्ह्यासारखे पातळ हात, पाठीला उभ्या पट्ट्या. नक्षी कुठेही नाही.

"आमचे हे बोटीवर इंजिनियर होते," काकू म्हणाल्या. "परदेशात कुठल्याशा बंदरात, एजंटाच्या ऑफिसात त्यांनी असा सोफा बघितला. वहीत चित्र काढून आणलं आणि राजापूरच्या सुताराकडून करून घेतला. सुतार म्हणत होता, साहेब, ह्याला लाकूड कमी पडलंय."

मी नाही म्हणायच्या तयारीने गेलो होतो. पण खाली वाकून पट्ट्यांवरून हात फिरवला आणि नाही म्हणता येईना. कुठे वाळवी नाही, सांधा ढिला नाही. गाद्यांतला काथ्या तेवढा बसला होता. चार वर्षांत मला स्वतःला हवी वाटलेली ही पहिलीच वस्तू होती, आणि त्याचीच मला भीती वाटली.

तेवढ्यात आई त्यावर बसली. बसली म्हणजे खालीच गेली. गुडघे वर आले, पाठ मागे कलली. "छान आहे गो," ती काकूंना म्हणाली. मग उठायला गेली आणि तिला उठता येईना. पातळ हातांवर जोर देता येत नव्हता. मी एका बाजूने धरलं, काकूंनी दुसऱ्या बाजूने. दोनदा ती अर्धी उठून परत बसली. तिसऱ्यांदा मी तिच्या काखेत हात घालून तिला उभं केलं. तिचं तोंड लाल झालं होतं. काकूंनी वॉकर पुढे सरकवला.

मला वाटलं, सुटलो.

"पायांखाली ठोकळे लावून घ्या," काकू म्हणाल्या. "सुतार देईल करून. दोघं-तिघं बघून गेले, पण ते मुंबईला नेऊन विकणार. मला तो घरात बसायला द्यायचाय. तुम्ही इथेच राहता ना?"

आई माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हणालो. "इथेच."

घरी येऊन मी चहा टाकला, तेव्हा आई म्हणाली, "त्यांना हो कशाला म्हणालास?"

"मग काय सांगणार?"

"पुण्याला जायचं असेल तर जा. सोफा नको घेऊ. मी बाई ठेवेन."

"रात्री तू पाय घसरून पडलीस तर?"

"तर पडेन," ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात. रागाने म्हणाली असती तर मला भांडता आलं असतं. मी चहा गाळला, तिचा कप तिच्यापुढे ठेवला, आणि बाहेर जाऊन काकूंना फोन केला. म्हटलं, उद्या टेम्पो पाठवतो.

त्या महिन्याच्या शेवटी मी पुण्याची खोली सोडली. घरमालकाने विचारलं, नवीन जागा कुठे मिळाली? मी गावाचं नाव सांगितलं. तो म्हणाला, नशीबवान आहात, समुद्र आहे. परतताना गाडीत पुस्तकांची खोकी पायांशी होती. घाट उतरताना मला एक-दोनदा रडू आलं, पण शेजारचा माणूस झोपला होता.

सोफ्याला चार बोटं उंच ठोकळे लागले, नव्या गाद्या झाल्या. आई आता स्वतःची स्वतः उठते. मला मात्र त्यात ठोकळे लागायच्या आधी बसायचो तसं रेलून बसता येत नाही. त्याची मूळची बैठक गेली. बसलो की वाटतं, कुणाला तरी भेटायला आलोय.

काकूंचा फोन तीन महिन्यांनी आला. मुलाकडे, बंगळुरूला, चौदाव्या मजल्यावर राहतात. सोफा दाखवा म्हणाल्या. मी मोबाईल फिरवून सगळीकडून दाखवला. ठोकळे दिसले तसा त्यांनी तो जवळ धरायला सांगितला.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. "मी इथे खाली एकटी जात नाही. लिफ्टमधली बटणं मला कळत नाहीत, आणि कुणाला दर वेळी सांगणार? आई आहेत का?"

मी फोन आईकडे दिला. दोघी तासभर बोलल्या, मासळीच्या भावापासून गुडघ्यांपर्यंत. आता दर गुरुवारी दुपारी काकूंचा फोन येतो. तेवढा वेळ मी आत कॉम्प्युटरवर असतो, दार पुढे ओढून.