सुंठमावशींचा चौथाई काढा

सुंठमावशी माणसाला तोंडावरून नव्हे, खोकल्यावरून ओळखत. कर्जतच्या आठवडी बाजारात चिंचेखाली, रस्त्याकडे पाठ करून त्या चूल फुंकत बसलेल्या असायच्या. मागे कोणी खोकलं की मान न वळवता म्हणायच्या, "शंकर, दही खाल्लंस ना रं?" शंकरने ते खाल्लेलं असायचंच.

चुलीवर काढ्याचं पातेलं: सुंठ, मिरी, धने, तुळस आणि घरामागच्या मोरीवर वाढवलेला गवती चहा. "आटवून चौथाई झाल्याबिगर गुण उतरत नाय," हे त्यांचं वाक्य खालापुरापर्यंत पाठ होतं. पण अंगात ताप दिसला की त्या वाटी मागे घेत. "ही चूल हाय, दवाखाना नाय. डाक्टरकडं जा." मी लग्न होऊन गावात आले तेव्हा सासरी बोलायला कोणी नव्हतं. बाजारातली ती वाटी हेच माझं माहेर होतं.

तेव्हा गावात चहा कोणी पीत नसे; मग कंपनीचा एक चहावाला आला. चहा म्हणजे काय हे गावाला शिकवायला त्याने मावशींच्या समोरच मांडव घातला. कप फुकट, वर पत्तीची पुडी फुकट. दिवसभर घसा ताणून ओरडायचा. दोन बाजारांत चिंचेखाली कोणी फिरकेनासं झालं. मीही फितूर झाले, हे सांगायला आजही लाज वाटते. पदराआड लपवलेला कप मावशींना दिसलाच. "पी गं, गरम हाय तवर," इतकंच म्हणाल्या. त्या दिवशी पातेलं भरलेलंच घरी निघालं. "वयनी, फुडच्या बाजारी बसू का नको?" त्यांनी विचारलं. मला उत्तर सुचलं नाही.

पुढच्या बाजारी गाव भांडायलाच आलं. पुड्या घरी नेऊन प्रत्येकाने चहा मावशींच्या शिस्तीने केला होता: आटवून चौथाई. कोणाच्या पोटात आग, कोणाचा डोळ्याला डोळा नाही. आमचे सासरे तर दोन रात्री जागून माझ्या माहेरचा उद्धार करत होते. "इख वाटतो काय रं?" म्हणत लोक मांडवात शिरले. चहावाल्याने तोंड उघडलं, पण ओरडून ओरडून घसा पार बसलेला. खोकल्याशिवाय काही बाहेर पडेना.

मावशी नुसत्या गप्प राहिल्या असत्या तरी गेलेलं गिऱ्हाईक परत आलं असतं. पण खोकला ऐकून बसून राहणं त्यांना जमायचं नाही. वाटी घेऊन त्या थेट गर्दीत घुसल्या. "आदी याचा घसा. मग तुमची भांडनं." सगळ्या बाजारासमोर चहावाल्याने त्यांचा काढा घोटघोट घेतला आणि रिकामी वाटी पुन्हा पुढे केली.

मावशींनी त्याची पत्ती दाताखाली चावून पाहिली. "चूक माजी हाय," त्या लोकांना म्हणाल्या. "सुंठीला आटवावं लागतं. हे कवळं पान. उकळी दाखवायची नि उतरवायचं." त्यांनी पाण्यात आलं आणि गवती चहा उकळला, शेवटी पत्ती टाकली, दूध घातलं. भांडायला आलेले लोक रांगेत बसून प्यायले. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी तीन कप प्याले, पदराबाहेर. पुढच्या बाजारी मांडव चिंचेखाली आला होता आणि चहावाला ओरडत होता, "या, सुंठमावशींचा चहा प्या."

आम्ही गाव सोडलं तेव्हा मावशींनी गवती चहाचा ठोंब ओल्या फडक्यात बांधून दिला. "कुटंबी लाव. मोरीचं पानी पुरं." आता मावशी नाहीत, पण माझ्या मोरीवरून अर्धी आळी पाती तोडून नेते. रोज सकाळी पातेलं चुलीवर चढवताना, तेव्हा न सुचलेलं उत्तर मी देते: बसा मावशी, बसा.