सासूबाईंना लागू पडलेल्या गोळ्या

मुकुंदवाडीतल्या एका छोट्या दवाखान्यात द्वारकाबाईंनी सत्तावीस वर्षं इंजेक्शनं दिली. माणूस केवढाही मोठा असो, त्यांच्यापुढं त्याला पायजम्याची नाडी सैल करावीच लागे. त्यामुळं त्यांना कुणाच्या मोठेपणाचा धाक उरला नव्हता.

तात्यासाहेबांचा तर नाहीच. रस्त्याकडची जमीन प्लॉट पाडून विकल्यावर त्यांच्या बोटांत चार अंगठ्या आल्या, आणि मागोमाग गुप्तरोग आला.

"बायकोलाही औषध लागेल, नाहीतर त्यांच्या गर्भपिशवीला धोका आहे," डॉक्टर म्हणाले. "पण न तपासता लिहून देणं कायद्यात बसत नाही. त्यांना घेऊन या."

"आमच्या घरच्या बाया असल्या कामाला बाहेर पडत नसतात."

"व्हय, असल्या कामाला तुम्हीच पडता," द्वारकाबाई सुई उकळत म्हणाल्या.

शेवटी डॉक्टरांनी दुप्पट गोळ्या तात्यासाहेबांच्याच नावावर लिहिल्या. कायदा शाबूत राहिला, डॉक्टरही शाबूत राहिले. "घरी खरं सांगून द्या," असं मात्र त्यांनी बजावलं. तात्यासाहेबांनी नंदीबैलासारखी मान हलवली.

महिन्याभरानं स्वारी तेच दुखणं घेऊन परत बाकावर. थोड्या वेळानं त्यांची बायको सरूबाई आली. कंबरेत वाकलेली, एक हात ओटीपोटावर, दुसऱ्या हातात गोळ्यांचं रिकामं पाकीट.

"हे इकडं निघाल्याचं कळलं म्हणून मागून आले. सिस्टर, या ताकदीच्या गोळ्या अजून द्या. सासूबाईंना लई गुण आला."

"सासूबाईंना?"

"मग? ताकदीची चीज सुनंनं आधी खावी का? सगळ्या त्यांनाच दिल्या."

द्वारकाबाईंनी बाकाकडं पाहिलं. सत्तरीची म्हातारी लेकाच्या पराक्रमावरचं औषध खाऊन धडधाकट, आणि सून वाकलेली!

"तात्यासाहेब, या गोळ्या कशाच्या, ते तुम्ही सांगता का डॉक्टरांना सांगायला लावू?"

"घरी बोलू," ते पुटपुटले.

"घरी तुम्ही ताकद म्हणून सांगितलं. इथंच बोला."

चार अंगठ्यांचा हात कपाळावर गेला. खाली बघत, तुकड्या-तुकड्यांनी त्यांनी सांगितलं. सरूबाईंनी ऐकून घेतलं. रडल्या नाहीत. रिकामं पाकीट नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं आणि द्वारकाबाईंच्या टेबलाशी आल्या.

"माझ्या नावाचा कागद काढा. मला तपासा. आणि यांना म्हणावं, घरी जाऊन आईला सांगा, तिनं काय खाल्लं ते."