दात न काढणारी डॉक्टर

माझी नात बारावीनंतर पाच वर्षं दातांचं शिकली. आम्हाला वाटलं, झालं. मग तिने पुन्हा परीक्षा दिली आणि आणखी तीन वर्षं नुसते वाकडे दात सरळ करायला शिकली. तेवढ्या आठ वर्षांत माझी चौथीपर्यंतची शाळा दोनदा झाली असती.

"म्हणजे दात काढतेस ना?" मी विचारलं.

"नाही गं आजी. तारा लावते. काढायचे ते दुसरे डॉक्टर काढतात."

आठ वर्षं शिकून मुख्य काम दुसऱ्यालाच!

हे तारांचे डॉक्टर एका जागी बसत नाहीत. सोमवारी महाडला एकाच्या दवाखान्यात, बुधवारी पोलादपूरला दुसऱ्याच्या. मिळेल त्यातलं निम्मं दवाखानेवाल्याचं. बांगडीवाल्याचेही असेच वार ठरलेले असतात. शिवाय तिला मुंबईच्या कॉलेजात शिकवायची नोकरी मिळत होती, दर महिन्याला पगार. माझा मुलगा म्हणाला, "नोकरी घे. इथं दात वाकडे म्हणून कोण येतंय?" तिने कॉलेजकडून महिनाभराची मुदत मागून घेतली.

तीन आठवडे ना सोमवारी कोणी आलं, ना बुधवारी. चौथ्या बुधवारी माझी कवळी टोचत होती, ती घासून घ्यायला मीही तिच्याबरोबर गेले.

दुपारी घाटातल्या एका वाडीवरून मायलेकी आल्या. लेकीचे वरचे दात चांगलेच पुढे.

"मे महिन्यात लगीन हाय हिचं," आई म्हणाली. "तेवढ्यात आत घाला."

"दीड वर्ष लागेल," नात म्हणाली.

"दीड वरीस? आनि लग्नात तोंडात तारा घेऊन उभी ऱ्हाईल काय? चल गो." बाई उठलीच.

नातीने अडवलं नाही. मला राहवलं नाही. "नवऱ्याने हिला दातांसकटच बघितली ना?"

"बघितली."

"पसंत केली ना? मग आता लपवायचं कोणापासून? वऱ्हाड दोन दिवसांचं, दात जन्माचे."

मुलगी आईकडे वळली. "आये, माझे व्हट मिटत नाय. मला लावायच्यात तारा. त्यांना इचारलंय मी फोनवर. ते बोलले, बिनधास्त लाव."

"आनि मला कोन इचारनार?" म्हणत आई खाली बसली.

संध्याकाळी नातीने कॉलेजला नाही म्हणून कळवलं.

"एका पेशंटवर?" मी म्हटलं.

"एक पेशंट म्हणजे दीड वर्ष, आजी. दर महिन्याला यायचं."

माझा मुलगा आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. पुढचे काही बुधवारही रिकामेच गेले. महिन्याने ती मुलगी तार आवळून घ्यायला आली, तेव्हा मी तिथे होते. या वेळी आई नव्हती, होणारा नवरा होता. तो हसला, तर त्याचे खालचे दात एकमेकांवर चढलेले. नात भिडेपोटी काही बोलली नाही.

मी बोलले.