शिवरामची पट्टी

शिवराम गेल्याची बातमी मला अवसरी बुद्रुकला, मळ्यात मोटेवर असताना कळली. जुन्नरहून मीठ घेऊन आलेला गाडीवान बांधावर थांबला आणि म्हणाला, "शिवरामभाऊ गेलं, राव. काल सकाळीच." मग बैल वळवता वळवता तो म्हणाला, "वखार मातुर चालूच व्हती." ज्या माणसाने ती वखार उभी केली, त्याच्यासाठी तिचं दार एक दिवससुद्धा लागलं नाही... या गोष्टीला आता महिना उलटून गेला. कुणाला नुसती हळहळ वाचायची असेल तर त्याने खुशाल पान उलटावं. मला सूड हवा होता आणि मी तो घेतला, हे आधीच सांगून टाकतो.

शिवराम आणि मी शाळेपासूनचे सोबती. पुढे तो मावळात मास्तर झाला. तिथल्या डोंगरातल्या कोळणी रान तुडवून हिरडा गोळा करत आणि बाजारात मिठाच्या बदली देत. मापास माप, असा रिवाज. पण हिरडा घेताना दुकानदार शीग लावून घेई, म्हणजे मापाच्या काठावर आणखी ढीग रचून. आणि मीठ देताना तेच माप काठाला घासून. शिवरामने नोकरी सोडली, जुन्नरला वखार काढली आणि शिसवीची हातभर पट्टी करवून दाराशी खुंटीला लावली. हिरडा असो की मीठ, मापावरून ती पट्टी फिरायची, आणि तीही माल आणणाऱ्या बाईच्या हातून. वखारीच्या माणसाने तिला हात लावायचा नाही. "मास्तर, दुकान मांडलंयस की शाळा?" मी त्याला चिडवलं. "दोन्ही," तो म्हणाला.

दोन वर्षांत लांबलांबच्या गावांतून बाया येऊ लागल्या आणि तिथेच घोडं अडलं. मीठ पुरेना, तळेगाव स्टेशनापर्यंत माल न्यायला गाड्या पुरेनात, आणि आल्या बाईला डोक्यावरचं ओझं तसंच परत न्यायला सांगणं त्याच्या जिवावर येई. भागीदार हवा होता. तो मी आणून दिला... माझेच मेहुणे, आबासाहेब. पुण्यात स्वदेशीवर बोलून टाळ्या घेणारे. लोक आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात. मी तो मित्राच्या पायावर पाडला.

आबासाहेब म्हणाले, ओला हिरडा वाळून आटतो, शीग घ्यायलाच हवी. शिवराम नाही म्हणाला. "मग वखार बंद करा. बाया जातील पुन्हा जुन्या दुकानदाराकडे, आणि तुमची नीती राहील खुंटीला." हे खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. शिवरामने एका हंगामापुरतं ऐकलं. आहुप्याची ठमाबाई पहिल्या दिवसापासून वखारीत यायची. त्या हंगामात तिने खुंटीकडे हात नेला, तेव्हा शिवरामनेच तिला थांबवलं.

"यंदापुरतं, ठमाबाई."

"यंदापुरतं म्हंता म्हंता लई लांबतंय, भाऊ," ती म्हणाली आणि शीग भरू दिली.

पुढच्या हंगामात त्याने शीग बंद करायला सांगितली. पण तोवर गाड्या आबासाहेबांच्या आणि गडीही आबासाहेबांचे झाले होते. शिवराम पट्टी घेऊन घरी बसला. तापाने अंथरूण धरलं तेव्हाही ती उशाशी होती. शेवटच्या भेटीत म्हणाला, "शीग पुन्हा आणली ती मीच रे... ठमाबाईचा हात मीच धरला." मी काहीतरी समजुतीचं बोललो. ते त्याने ऐकलं नाही.

त्याच्यामागे कुणी नव्हतं, म्हणून तेरावा मीच केला. आबासाहेब आले, डोळे पुसले आणि चारचौघांत म्हणाले, "त्यांची ती पट्टी वखारीला द्या. रोज हार घालू." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीच पट्टी मी त्यांच्या टाळक्यात घातली असती. तेवढ्यात माझी बायको, त्यांची सख्खी बहीण, शांतपणे म्हणाली, "दादा मागतोय ना, देऊ या की. पोचवायला माणूस मात्र मी सांगते." तिने कुणाला सांगितलं, ते मला बाजारच्या दिवशी कळलं.

त्या दिवशी मी वखारीच्या दाराबाहेर उभा होतो. ठमाबाईचं माप शिगेने भरलं, तशी तिने पदराखालून पट्टी काढली आणि काठावरून फिरवली. वरचा सगळा हिरडा खाली सांडला. आबासाहेब गादीवरून उठले. "हे काय चाललंय?"

"तुमीच मागितली व्हती न्हवं, सायेब? हार घालून काय करायचं? ही फिरवायची हाय."

सांडलेला हिरडा तिने ओच्यात भरून घेतला. मागच्या बाईने पट्टीसाठी हात पुढे केला, मग तिच्या मागचीने. तेराव्याला हजर असलेली माणसं समोरच होती. ज्यांच्यासमोर पट्टी मागितली त्यांच्यादेखत ती हिसकावणार कशी, आबासाहेब पुन्हा गादीवर बसले. मला असा आनंद झाला की खरं तर लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. बायकोचं माहेर तुटलं. "तुटू दे," म्हणते.

खुंटी अजून रिकामीच आहे. ठमाबाई पट्टी परत आणून देत नाही आणि मीही मागत नाही. ज्या गावच्या बाया बाजाराला निघतात, त्यांच्यातल्या कुणाच्या तरी पदराखाली ती असते. आबासाहेब हल्ली प्रत्येकीच्या हाताकडे बघत बसतात. ती कुणाजवळ आहे हे त्यांना कळत नाही, म्हणून ते कुणाच्याच मापाला शीग लावत नाहीत.