सोनूतात्यांनी न बघितलेली फायनल

विकेटकीपिंगचा पगार घेणारा आपल्या भागातला पहिला माणूस आज सकाळी गेला.

सोनूतात्या. कशेळ्याच्या पुढे आमचं गाव, तिथले. वय किती, कुणालाच नक्की माहीत नाही. त्यांनाही नव्हतं.

बाबांचा फोन आला तेव्हा मी नेरळला होतो. तिथून कर्जत, कर्जतहून कशेळ्याची जीप. चौदावा पॅसेंजर मिळेपर्यंत जीप हलेना. या रूटवर मी सहा महिने क्लीनर होतो, त्यामुळे मागे लटकायला जागा फुकट. ती स्टोरी वेगळी.

असो. तात्या.

भात कापून झालं की त्या खाचरात ते खेळायचे. ग्लोव्हज नव्हतेच. उघड्या हातांनी सीझन बॉल पकडायचे.

त्यांच्या घराने धम्म घेतला, तेव्हाच्या आसपासची गोष्ट. ज्या गावांत त्यांना पाणी वरून ओंजळीत ओतायचे, तीच गावं टूर्नामेंट आली की निरोप धाडायची. सोनूला पाठवा, स्टंपमागे दुसरा कोणी नको.

मी एकदा विचारलं, तात्या, राग नाही यायचा?

"यायचा ना. म्हणून तर एक बॉल सोडला नाय."

अशाच एका मॅचमध्ये खोपोलीच्या एका कारखान्याच्या साहेबाने त्यांना बघितलं आणि कामावर घेतलं. कागदावर हेल्पर. खरं काम कीपिंग. सकाळी मॅटिंगवर प्रॅक्टिस, मग गेटवर हजेरी घ्यायची हलकी ड्युटी. खेळतोस तोवर गेट, खेळणं थांबलं की यार्डात गोणी. साहेबाने हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं.

ग्लोव्हजच्या आत तात्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे घालायचे. तरी बोटं मोडायचीच. मोडलं की फडकं बांधून पुढचा बॉल.

टेंपोत बसून पेण, पनवेल, अलिबाग सगळीकडे खेळले. आधी कीपर, मग कॅप्टन, मग मॅनेजरपण तेच. टीमची यादी सिगारेटच्या पाकिटामागे लिहायचे. स्वतः सिगारेट ओढत नसत. पाकिटं कुठून आणायचे देव जाणे.

आणि त्यांची एक पद्धत होती. बॉल कसा टाकायचा हे बॉलरने ठरवायचं नाही. तात्या मागून खूण करायचे. उजव्या पॅडवर ग्लोव्ह आपटला की जोरात. डाव्यावर आपटला की हळू, आणि मी स्टंपाजवळ येतोय. दिनकर म्हणून फास्ट बॉलर होता, तो दहा वर्षं त्या खुणांवर जगला.

आता आमचे बाबा.

आणीबाणी उठली त्या सुमाराला बाबा त्याच कारखान्यात बदली कामगार होते. म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं. कुणी गैरहजर असेल तर आत, नाहीतर परत. अशी तीन वर्षं. आजी म्हणायची, बदलीवाल्याला पोरगी कोण देणार.

राहायचे तात्यांच्याच खोलीत, जेवायचे त्यांच्याच ताटात. आजीला हे बरीच वर्षं सांगितलं नव्हतं.

टीममध्ये बाबा दुसरे कीपर. म्हणजे पाणी नेणारे.

त्या वर्षी बातमी आली की एकच जागा कायम होणार, ती खेळाडूला. फायनलला मोठे साहेब स्वतः बघायला येणार.

आठवडाभर आधी तात्यांनी बाबांना बाजूला घेतलं. उजवा हात पुढे केला.

"बाळू, ही मूठ बघ." मूठ मिटतच नव्हती. वर्षभर डाव्या हातावर निभावून नेत होते, कुणालाच पत्ता नव्हता. "फायनलला तू ऱ्हा स्टंपमागं."

"तात्या, तुमची गेटची ड्युटी जाईल."

"जाईल. यार्डात काय माणसं नसतात का रं?"

फायनल खालापूरला, पाताळगंगेच्या काठी. बाबांनी पहिल्या तासात दोन कॅच सोडले. दिनकर तर त्यांच्याकडे बघेचना. बाबा पॅड बडवतायत, आणि हा बघतोय कुठे? बाहेर बांधावर बसलेल्या तात्यांकडे. सवयच ती. बाबांना वाटलं, संपलं आपलं.

तेव्हा तात्या उठले. लोकांना वाटलं, चिडून चालले.

ते फक्त वळले. मैदानाकडे पाठ करून, नदीकडे तोंड करून बसले.

दिनकर ओरडला, तात्या इकडं बघा की. तात्यांनी मान वळवली नाही. शेवटपर्यंत नाही.

मग दिनकरला बाबांकडे बघावंच लागलं.

शेवटची विकेट, समोरच्यांना पाच रन हवे. बाबांनी डाव्या पॅडवर ग्लोव्ह आपटला. दिनकरने हळू टाकला. बॅट्समन पुढे आला, चुकला, आणि बाबांनी बेल्स उडवल्या.

बाबा धावत बांधावर गेले. तात्या अजून नदीकडेच बघत होते.

"आरडाओरडीवरून कळलं जिंकलो ते. स्टंपिंग केलंस का बोल्ड झाला, तेवढं सांग."

पुढच्या महिन्यात बाबा कायम झाले. वर्षभरात लग्न. मग ताई, मग खूप उशिरा मी.

तात्या रिटायर होईपर्यंत यार्डात गोणी उचलत होते.

हे सगळं बाबांकडून कळलं. तात्यांना विचारलं की ते भलत्याच मॅचचं सांगायचे.

मी आतापर्यंत चार कामं सोडली, आयटीआय सोडलं. दर वेळी कंटाळा आला म्हणून. कुणासाठी म्हणून एकही नाही. आज त्यांना खांदा देताना हेच डोक्यात येत होतं.

भावपूर्ण वगैरे मला लिहिता येत नाही.

तात्या, आमचं घर तुमच्यामुळे जेवलं.

जय भीम.