दुपारी गळपटणारा लॅपटॉप

आमच्या शेजारच्या बाईंना सगळे परीक्षकबाई म्हणत. कंपनीने नवे लॅपटॉप विकत घेण्याआधी त्यांची पुरती दमछाक करून पाहायची, हे त्यांचं काम. एकाच लॅपटॉपच्या पोटात त्या पाच आभासी संगणक एकदम चालू करत आणि तो कितपत तग धरतो ते बघत. आपल्या सासऱ्यांना त्यांनी हे समजावलं, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे एका खोलीत पाच बिऱ्हाडं. भांडणं होणारच."

एकदा तपासायला घरी आलेला लॅपटॉप सकाळी पाचही संगणक झकास चालवायचा आणि दुपारी मात्र पार गळपटायचा. बाईंनी मेमरी तपासली, सगळं पुसून पुन्हा बसवलं, तरी तेच. शेवटी वैतागून त्या ताटावरून उठून खोलीत आल्या. लॅपटॉपच्या कडेला जिथून गरम हवा बाहेर पडते, त्या जाळीवर सासरे आपले ओले मोजे नीट पसरत होते.

"बाबा, हे काय?"

"अगं, इथे छान वाळतात. तू जेवायला गेलीस की पसरतो. तुझ्या बटणांना हात लावत नाही हो मी."

बाईंना रागवायचं होतं, पण हसूच फुटलं. त्यांनी खिडकीत दोरी बांधून दिली आणि लॅपटॉप पास झाला.

पुढचा लॅपटॉप आला, तेव्हा सासऱ्यांनी पाचही संगणक सुरू होऊ दिले, मग जाळीपुढे बराच वेळ हात धरला.

"हा तापतच नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "कंपनीला सांग, हा घेऊ नका."